शिट्टी झाली की थांबायचं

चिमटीला चालायला आईने शिकवलं आणि थांबायला बापाने.

तिची गोष्ट मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. खाणीकडच्यांनी सांगितली तेव्हा ती घरभेदी निघाली, नदीकडच्यांनी सांगितली तेव्हा वाघीण. दोघांनीही घाईत सांगितली. मला घाई नाही.

बाप दगडखाणीत शिट्टीवाला होता. सुरुंग उडवायच्या आधी सगळ्यांना सावध करायचं, हे त्याचं काम. कंपनीने दिलेली पितळी शिट्टी त्याच्या खिशातच पडून असायची, कारण तिच्यात धूळ बसे आणि ऐन वेळी ती नुसती फुसफुसे. तो दोन बोटं तोंडात घाली. मग जो आवाज निघे तो खाणीच्या या कड्यावरून त्या कड्यावर जाई आणि परत येई. तो कानावर पडला की माणूस असेल तिथे उभा राही. घमेलं डोक्यावर असेल तर डोक्यावर, पाण्याचा तांब्या तोंडाशी असेल तर तोंडाशी. आधी थांबायचं, मग का ते विचारायचं. खाणीत याहून मोठा कायदा नव्हता, आणि जे विचारत बसले त्यांच्या बायका आता धुलाईघरात कामाला होत्या.

त्यांचं घर चाळवजा ओळीतलं शेवटचं. दार उघडलं की पायरी, पायरी संपली की रस्ता, आणि रस्त्यावरून दगडाचे ट्रक उतारावर लागलेले. चिमटी दीड-दोन वर्षांची असल्यापासून तिचा ओढा त्या रस्त्याकडे. म्हणून बापाने तिच्यासाठी एक वेगळी शिट्टी केली. खाणीतली नव्हे; ती लांब आणि करडी. ही आखूड, मधेच मोडलेली आणि शेवटी वर जाणारी. वाऱ्याने दार लोटावं आणि कुणीतरी ते चटकन धरावं, तशी. ती ऐकली की पोर जागच्या जागी थांबे. समोरून ट्रक धडधडत जाई, फ्रॉक फडफडे, आणि मग बाप म्हणे, "हां, आता चल." ती शिट्टी दोघांचीच. आईलाही ती वाजवता येत नसे. आई आपली नावाने ओरडे, आणि तिच्या ओरडण्याने कुणी थांबत नसे.

टेकडीवर खाणवाल्यांचं मैदान. लाल जर्सी, दगडी भिंत आणि दक्षिणेकडच्या गोलमागे लाकडी स्टँड. खाली नदीकाठी दुसरा क्लब, पिवळ्या जर्सीचा. त्यात धुलाईघरातले, बेकरीतले, होडीवाले. या दोन क्लबांत जे वैर होतं त्याचं कारण कुणाला सांगता येत नव्हतं, आणि म्हणूनच ते टिकलं होतं. लग्न जमवताना मुलाचं शिक्षण नंतर विचारत, रंग आधी.

लाकडी स्टँडचा आवाज म्हणजे चिमटीचा बाप. तिथली रीतच अशी होती की तो पहिली शिट्टी मारी आणि सगळा स्टँड ती उचली. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे आपल्या खेळाडूला इशारा, मागे माणूस आहे. लांब चढती शिट्टी म्हणजे जागा मिळाली, मार. घसरती म्हणजे पास मागे दे. परक्यांना तो नुसता गोंगाट वाटे. लाल जर्सीवाल्यांना तो पाठीमागचा डोळा होता. चिमटी एका खोक्यावर उभी राहून हे सगळं शिकली. अक्षरं तिला नंतर आली. आईने जुन्या स्वेटरची लोकर उसवून तिला लाल टोपरं विणून दिलं होतं, आणि सामना हरला की ती ते उशीखाली घालून झोपे, उद्या तरी जिंकू म्हणून. उद्या सामना नसायचा, पण ते तिला पटत नसे.

बारा-तेरा वर्षांची झाल्यावर ती क्लबच्या सेक्रेटरीपुढे जाऊन उभी राहिली. बाप शेजारीच होता.

"मला खेळायचंय," ती म्हणाली.

सेक्रेटरीने चष्मा कपाळावर ढकलला. "मुलींचा संघ नाही गं आपल्याकडे."

"मग मुलांच्यात घ्या."

"मुलांच्यात? टाळ्या वाजवायला ये. त्यालाही माणूस लागतं."

भोवतालचे हसले. बापही हसला. मोठ्याने नव्हे, सगळे हसतात म्हणून माणूस हसतो तितपत. चिमटीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि लाल टोपरं डोक्यावरून काढून हातात घेतलं. त्यानंतर ते तिच्या डोक्यावर कुणी पाहिलं नाही.

शाळा सुटली आणि ती धुलाईघरात लागली. इस्पितळाच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे डोंगरासारख्या येत. वाफेच्या रुळातून निघालेली चादर दोन बाजूंनी दोघींनी धरायची, ताणायची, घडी घालत एकमेकींकडे चालत यायचं आणि टोकं जुळवायची. कापड इतकं तापलेलं की नवख्या बायका ओरडून सोडून देत. ही पोर दोन बोटांच्या चिमटीत टोक धरी आणि सोडत नसे. नाव तिथलंच. तिच्या समोर चादर धरायला होती थोरली. थोरली म्हणजे नदीवाल्यांच्या मुलींच्या संघाची कॅप्टन; बचावाच्या मधोमध भिंतीसारखी उभी राहणारी, आवाजाने जाड, मनाने संशयी. एकदा गाडीवरून ओल्या कपड्यांचं गाठोडं निसटलं. चिमटीने वळून ते छातीशी झेललं आणि काही झालंच नाही अशा थाटात खाली ठेवलं. थोरलीने घडी अर्धी सोडली.

"गोलमध्ये उभी राहशील?"

"तुमच्याकडे?"

"नाही, राजवाड्यात. आमच्याकडेच."

ती गेली. याला कुणी सूड म्हणालं, कुणी भूक. मला विचाराल तर जिथे दार उघडं होतं तिथे ती गेली, इतकंच.

घरी पहिल्यांदा पिवळी जर्सी दोरीवर वाळत पडली तेव्हा बापाने आपला ओला शर्ट काढून दोरीच्या दुसऱ्या टोकाला नेला.

"ते पिवळं माझ्या कपड्याला लागू देऊ नको."

"वाळलेला रंग लागत नाही, बाबा."

"लागतो. तुला लागला ना."

आईने मधे एक चादर वाळत घातली आणि ती कधी काढली नाही. पाहुणे आले की सांगे, "या घरात सगळं एकच आहे, एका दोरीच्या तेवढ्या दोन झाल्यात." बाप पुढे पुढे लेकीशी आईमार्फत बोलू लागला. समोर बसलेल्या मुलीला मीठ हवं असेल तर तो बायकोला म्हणे, "तुमच्या गोलकीपरला मीठ द्या." चिमटी म्हणे, "स्टँडवाल्यांना सांग, मीठ आहे." आणि आई दोघांच्या मधे हात आपटून म्हणे, "मला काय पोस्टात लावलंय?"

अशी वर्षं गेली. मग खाणवाल्यांनी पाहिलं की नदीकाठी मुलींच्या सामन्यांना गर्दी होते आणि आपल्या मैदानात कावळे बसतात. त्यांनीही मुलींचा संघ काढला. जो सेक्रेटरी टाळ्या वाजवायला ये म्हणाला होता, त्यानेच फीत कापली. आणि पहिला मोठा सामना ठरला तो नदीवाल्यांशी, टेकडीवर, त्या लाकडी स्टँडसमोर.

सामन्याच्या आदल्या दिवशी धुलाईघरात चादरी नेहमीसारख्या निघत होत्या. थोरली आणि चिमटी समोरासमोर. चादर ताणली, जवळ आल्या, टोकं जुळली.

"गोल गेला तर लोक काय म्हणतील?" थोरलीने विचारलं.

"गोल गेला म्हणतील."

"नाही. दिला म्हणतील."

चिमटीने पुढची चादर उचलली. "आणि तू काय म्हणशील?"

"मी बघीन आणि मग म्हणीन."

ट्रेनर होते बेकरीवाले. सगळे त्यांना काका म्हणत. कानांच्या मागे कायम पीठ, बोलणं मोजकं. संध्याकाळी ते धुलाईघराच्या फाटकाशी येऊन थांबले.

"हे बघ, तुला बाहेर बसवावं असं अर्ध्या संघाचं म्हणणं आहे."

"आणि तुमचं?"

"माझं म्हणणं की तुझ्यासारखा हात दुसरीला नाही. पण त्या स्टँडसमोर तुझ्या हातून वेडंवाकडं काही झालं, तर परत या खांबांत उभं राहायचं नाही. मला बाकीच्या दहाजणींना तोंड द्यायचंय."

"वेडंवाकडं म्हणजे?"

"ते झालं की दोघांनाही कळेल."

एवढंच तिच्याजवळ होतं: दोन खांब आणि वरची आडवी दांडी. लाल टोपरं गेलं, बापाचं बोलणं गेलं. ही जागा तिने स्वतःच्या हातांनी मिळवली होती. ती मान हलवून घरी गेली.

घरी बाप बूट पुसत होता. या वेळी तो आईमार्फत बोलला नाही.

"आमच्या खांबांत तू उभी राहणार?"

"एका हाफात तरी. तुमच्या पुढ्यात."

"मग माझ्याकडे लेक म्हणून बघायचं नाही."

"बरीच वर्षं झाली, बाबा, कुणी बघितलं नाहीये."

आई म्हणाली, "दोघंही जेवा आणि काय जीव घ्यायचा तो उद्या मैदानात घ्या."

टेकडीवरच्या मैदानाला परक्या संघासाठी जी खोली होती ती स्टँडच्या खाली. वर लोक पाय आपटत आणि फळ्यांच्या फटींतून दगडाची भुकटी खाली झरे. एकच नळ, तोही थेंबथेंब. पिवळ्या जर्सींच्या खांद्यांवर पांढरी धूळ बसली. कुणी चिमटीच्या शेजारी बसलं नाही. राखीव गोलकीपर, होडीवाल्याची धाकटी बहीण, हातमोजे घालून तयारच होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता असं मी म्हणणार नाही.

बाहेर पडताच स्टँडने तिला ओळखलं.

"आली गं बाई, सासरी नांदायला गेलेली माहेरी आली."

"चिमटे, चादरी राहिल्यात घडी घालायच्या."

सर्वांत पुढे एक म्हातारा ड्रिलवाला बसला होता. चिमटी लहान असताना गर्दीत दिसावं म्हणून त्याने तिला कितीतरी सामने खांद्यावर घेतलं होतं. तो शेजाऱ्याला ऐकू जाईल आणि तिलाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "या खांद्यावर बसवलं होतं हिला. आता खांदा घासून घ्यायला पाहिजे." माणसं पोट धरून हसली. बाप त्याच्या मागे कठड्याला धरून उभा होता. तो या वेळी हसला नाही. पण काही बोललाही नाही.

पहिला हाफ ती लांबच्या टोकाला होती आणि तिथे तिला फारसं काम पडलं नाही. खाणवाल्यांच्या पोरी रांगड्या; चेंडूपेक्षा नडगी जास्त शोधत. थोरलीने एकीला अशी आडवी घेतली की रेफरीने दोघींना उभं करून सुनावलं. हाफ संपता संपता कॉर्नरवरून आलेला चेंडू थोरलीच्याच कपाळाला लागून खाणवाल्यांच्या गोलमध्ये गेला. एक शून्य. स्टँड मुका झाला. त्या मुकेपणातही शिव्या होत्या, फक्त त्यांना आवाज नव्हता.

दुसऱ्या हाफात चिमटी दक्षिणेच्या गोलमध्ये येऊन उभी राहिली. पाठीमागे स्टँड, आणि डाव्या खांबाच्या रेषेत, कठड्याशी, तिचा बाप.

आता जे झालं ते नीट ऐका, कारण इथेच लोक गोष्ट बिघडवतात.

खेळ सुरू झाला आणि स्टँड बोलू लागला. चिमटीला तो ऐकू येत होता. नुसता ऐकू नव्हे, कळत होता. लांब चढती शिट्टी झाली, म्हणजे मार. लाल फॉरवर्डने पाय उचलायच्या आधीच चिमटी उजवीकडे निघाली होती. चेंडू तिच्या पोटाशी येऊन विसावला. थोड्या वेळाने घसरती शिट्टी, म्हणजे पास मागे. ती पुढे आली नाही, जागेवर राहिली, आणि मागच्या खेळाडूने मारलेला फटका दांडीवरून बाहेर लोटला. स्टँड चक्रावला. या पोरीला आधीच कसं कळतंय, ते त्यांना उमगेना.

एकाला उमगलं. बापाची बोटं तोंडापाशी गेली आणि तशीच खाली आली. त्याने शिकवलेलं त्याच्यावरच उलटत होतं. पोर आपल्या शिट्टीचं खाऊन नदीवाल्यांचं पोट भरतेय, हे त्याने बघितलं. आणि तो गप्प झाला. तो गप्प म्हटल्यावर स्टँडला काय उचलायचं ते कळेना. चिमटीला पाठीमागे एवढी शांतता त्या मैदानात कधी लागली नव्हती. तिने मागे वळून बघितलं नाही.

मग तो चेंडू आला. मधल्या फळीतून सुटलेला, लांब, थोरलीच्या बाजूने निघून गेलेला. लाल फॉरवर्ड धावत सुटली. पण चेंडू चिमटीचा होता. ती फॉरवर्डपेक्षा जवळ होती, पाय निघाले होते, झेपेला अंग वाकलं होतं. मैदानात सगळ्यांना दिसत होतं की हा चेंडू तिचाच.

आणि मागून शिट्टी आली. आखूड, मधेच मोडलेली, शेवटी वर जाणारी.

चिमटी थांबली.

तिने थांबायचं ठरवलं नाही. पायांनी तिला विचारलंच नाही. डोळ्यांपुढे रस्ता आला, ट्रकची धूळ आली, फ्रॉकचा घेर आला. आधी थांबायचं, मग विचारायचं. ती विचारेपर्यंत फॉरवर्डने चेंडू तिच्या बाजूने हळूच आत ढकलला होता. इतका हळू की तो जाळीला लागलाही नाही. रेषेपलीकडे जाऊन बसला.

स्टँड कोसळेल असा नाचला. चिमटीने आता मागे वळून बघितलं. बापाची बोटं अजून ओठांवर होती. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता, पण त्याने नजरही वळवली नाही.

थोरली तिच्यावर चालून आली आणि तिने जर्सीचा गळा धरला.

"थांबलीस का?"

चिमटीची नजर अजून कठड्यावर होती.

"थांबलीस का, विचारते मी."

"शिट्टी झाली."

"रेफरीची?"

"नाही."

"मग कुणाची? स्टँडात सगळे शिट्ट्याच मारतायत. बाकीच्यांच्या शिट्टीला का नाही थांबलीस?"

यावर काय सांगणार? दाराची पायरी सांगणार, की ट्रक सांगणार? थोरलीने गळा सोडला आणि जमिनीवर थुंकली. "दिलास," ती म्हणाली. "बघितलं, आणि आता म्हणते." रेषेच्या बाहेर काकांनी होडीवाल्याच्या बहिणीला हात केला. ती जागच्या जागी उड्या मारून अंग गरम करू लागली. चेंडू एकदा बाहेर गेला की बदली व्हायची होती.

स्टँडला मात्र नवं खेळणं सापडलं होतं. आपल्या शिट्टीवाल्याने काहीतरी वाजवलं आणि गोलकीपर खिळ्यासारखी रुतली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. रीतीप्रमाणे त्यांनी ते उचललं. आधी ड्रिलवाल्याने वाजवून बघितलं. त्याला पुढचे दात नव्हते, फुसकी निघाली. मग शेजारच्याने. मग मागच्या बाकांनी. आखूड, मोडकी, वर जाणारी. चिमटीने चेंडू हातात घेतला की शिट्टी, नुसता पाय उचलला की शिट्टी. कुणी बेसूर, कुणी लांबवून, कुणी हसत हसत. पोरंटोरं बोटं तोंडात घालून लाळ गाळत तेच वाजवत होती.

पहिल्यांदा चिमटीचं पाऊल अर्ध्यावर राहिलं. दुसऱ्यांदा ती उशिराने निघाली. पुढे पुढे तिला वाटलं की कुणीतरी आपल्या घरात शिरून एकेक भांडं रस्त्यावर फेकतंय, आणि आता घरात फक्त भिंती उरल्यात. मग तेही वाटेनासं झालं. शिट्ट्या वाजत राहिल्या आणि तिच्या कानांना त्या लागेनात. कठड्याशी उभा असलेला बाप मधेच हात हलवून लोकांना काहीतरी सांगत होता. बस करा म्हणत होता असं काही जण सांगतात. पण एवढ्या मोठ्या आवाजात एका माणसाचा हात कुणाला दिसतो?

चेंडू बाहेर गेला नाही. तो पुन्हा मधल्या फळीतून सुटला, थोरली पुन्हा मागे पडली, आणि तीच लाल फॉरवर्ड त्याच वाटेने पुढे आली. चिमटी निघाली. सगळ्या स्टँडने एकदम शिट्टी मारली. त्यात बापाचीही असेल. असली तर त्यातली बाबांची कुठली, ते तिला ओळखू आलं नाही.

ती थांबली नाही. फॉरवर्डचा पाय मागे गेला त्याच क्षणी चिमटी त्या पायाखाली गेली. बूट तिच्या ओठावर बसला, दात हलला, तोंडात लोखंडाची चव आली. पण चेंडू छातीखाली होता आणि तिने तो गरम चादरीसारखा धरला होता. रेफरीने वाकून बघितलं. "सोड आता," तो म्हणाला. "धरलास, मी पाहिलं."

काकांनी होडीवाल्याच्या बहिणीला खाली बसायची खूण केली. सामना एक एक सुटला. कुणी कुणाला मिठी मारली नाही. खाणवाल्यांना हरल्यासारखं वाटत होतं आणि नदीवाल्यांना फसवल्यासारखं.

स्टँडखालच्या खोलीत काकांनी तिच्या ओठाला ओला कपडा लावला. "पुढच्या सरावाला वेळेवर ये," एवढंच म्हणाले. थोरली बुटांच्या नाड्या सोडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पहिला तू दिलास हे मी विसरणार नाही."

"नको विसरू."

"दुसरा अडवलास तेही."

"ते विसरलीस तरी चालेल."

फाटकापाशी बाप उभा होता. माणसं त्याची पाठ थोपटत होती आणि तो खांदा आकसून घेत होता. चिमटी पिशवी घेऊन त्याच्यासमोर थांबली. कितीतरी वर्षांनी दोघं मधे आई नसताना बोलत होती.

"ती शिट्टी माझी होती," ती म्हणाली.

"मैदानात कुणाचं काही नसतं."

"बरोबर आहे. आता तर नाहीच. सगळ्या गावाला येते."

"तू आधी माझ्या शिट्ट्या वापरल्यास."

"त्या स्टँडच्या होत्या, बाबा. तिथे उभं राहणाऱ्या कुणालाही कळतात. ही घरची होती."

बापाचा हात तोंडापर्यंत गेला. त्याच्या ओठांवर शब्दांऐवजी बोटंच जायची सवय. ती वळली आणि उतारावर चालू लागली.

टेकडीवरून खाली येणारी वाट त्यांच्या ओळीच्या समोरच, पलीकडच्या कडेला, मोठ्या रस्त्याला मिळते. बाप थोडं अंतर ठेवून मागे येत होता. घर एकच, वाट एकच, त्याला दुसरा इलाज नव्हता. चिमटी कडेला पोहोचली. वरून दगडाचा ट्रक उतारावर लागला होता, तिच्या बाजूने, वेगात. तिचा पाय खाली उतरला.

मागून शिट्टी आली. या वेळी ती एकाचीच होती, खरी होती, आणि त्या माणसाने आयुष्यात जेवढ्या मारल्या त्या सगळ्यांत जोराची होती. ओळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. सायकलवरचा एक जण ब्रेक दाबून थांबला. पलीकडे कट्ट्यावर बसलेला कुत्रासुद्धा उठला.

चिमटी थांबली नाही. तिने ट्रक आधीच बघितला होता, त्याचा वेग बघितला होता, मधलं अंतर बघितलं होतं. धावली नाही, बिचकली नाही. चालत चालत रस्ता ओलांडला, आणि ट्रक तिच्या पाठीमागून धूळ उडवत निघून गेला. पायरीवर उभ्या असलेल्या आईने तिच्या फुटलेल्या ओठाकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे बघितलं. धूळ खाली बसली तेव्हा बाप अजून त्या बाजूलाच होता, दोन्ही बोटं ओठांवर, मोकळ्या रस्त्यापुढे थांबलेला.

"ये ना आता," आई ओरडली. "काय उभा राहिलास?"

तो बराच वेळ आला नाही.

चिमटी अजून नदीवाल्यांच्या खांबांत उभी राहते. बाप अजून स्टँडमध्ये जातो, पण शिट्टी आता दुसरा कुणीतरी मारतो. हा हात खिशात घालून बघत असतो. टेकडीवर कुठलाही परका संघ आला आणि त्यांची गोलकीपर पुढे निघाली, की लाकडी स्टँड रीतीप्रमाणे ती आखूड, मोडकी शिट्टी मारतो. ती कुठून आली हे नव्या पोरांना ठाऊक नाही. त्या शिट्टीने अजून कुणी थांबलेलं नाही.